रेणुमेघातील रसायनाचा नकाशा कसा काढावा

बेळगाव शहराच्या उजेडापासून दूर, जांबोटीच्या बाजूला जानेवारीत रात्री साडेदहाच्या सुमारास उभे राहिले, तर मृग नक्षत्र दक्षिणेकडे उंचावर असते आणि बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरील हा एम ४२ तेजोमेघ आहे. त्याला लागूनच असलेल्या ‘ओरायन बार’ या उजळ पट्ट्यात ताऱ्यांचा प्रकाश रेणुमेघाचे (रेणूरूप वायू आणि धूळ यांच्या थंड, दाट ढगाचे) रसायन कसे बदलतो ते थरांनुसार वाचता येते. खानापूर-निपाणीकडील शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान मंडळांनी या विषयाचा तक्ता करायचा असल्यास याच पट्ट्यापासून सुरुवात करावी.

आडव्या कागदावर डावीकडे तारा काढावा आणि उजवीकडे मेघाची खोली दाखवावी. मात्र ही खोली किलोमीटरमध्ये न मोजता धुळीमुळे प्रकाश किती प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्विता मोजण्याचे खगोलशास्त्रीय माप) मंदावला यावर मोजावी, कारण रेणूंचे भवितव्य अंतरापेक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील प्रकाशावर ठरते. एका प्रतीला दृश्य प्रकाश अडीच पटींनी घटतो, अतिनील त्याहून जास्त.

पहिली रेघ १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेची. त्याहून अधिक ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशकण) हायड्रोजन अणूंचे आयनीभवन करण्यातच मेघाच्या सीमेवर खर्ची पडतात. त्याखालचे आत शिरतात, हायड्रोजनचे रेणू फोडतात आणि कार्बनचा इलेक्ट्रॉन काढून घेतात (त्याला ११.२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात). हायड्रोजन रेणू ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाश शोषतात, त्यामुळे बाहेरच्या रेणूंची सावली आतल्यांना वाचवते. म्हणूनच ओरायन बारमध्ये साधारण दोन प्रतींपाशी अणूंऐवजी रेणू वरचढ होतात, तर कार्बन आयनाकडून कार्बन मोनॉक्साइडकडे होणारे संक्रमण चार प्रतींच्या आसपास येते. हे आकडे प्रत्येक मेघाला लावू नयेत. प्रकाश मंद आणि वायू दाट असेल तर दोन्ही रेघा पृष्ठभागाकडे सरकतात.

प्रारण रेणू फक्त मोडते, असे तक्त्यात लिहिणे अपुरे ठरेल. कार्बन आयन आणि हायड्रोजन रेणू यांच्यापासून सीएच-प्लस हा (एक कार्बन आणि एक हायड्रोजन अणू असलेला) आयन होण्यास बरीच ऊर्जा लागते, आणि थंड मेघात ती मिळत नाही. अतिनील प्रकाशाने कंपित झालेला हायड्रोजन रेणू मात्र ती ऊर्जा बरोबर घेऊन येतो, म्हणून हा आयन बारच्या प्रकाशित काठावर आढळतो. शिवाय धूलिकणांतून उडणारे इलेक्ट्रॉन वायू तापवतात, त्यामुळे मंद प्रक्रियांनाही वेग येतो. माझ्या मते तक्त्यात सर्वाधिक जागा याच काठाला द्यावी.

रेघा पडताळण्यासाठी वर्णरेषा (अणू-रेणूंची ओळख पटवणाऱ्या ठरावीक तरंगलांबी) जोडाव्यात: आयनित कार्बनची १५८ मायक्रोमीटरची, जी वातावरणातल्या बाष्पामुळे जमिनीवरून टिपता येत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची, जी येते.

अगदी उजवीकडे ताऱ्यांचा अतिनील प्रकाश जवळजवळ उरत नाही, तरी रसायन थांबत नाही. तिथे विश्वकिरण (अवकाशातून येणारे अतिवेगवान कण) हायड्रोजनला आयनित करून एच-थ्री-प्लस हा तीन हायड्रोजन अणूंचा आयन घडवतात आणि पुढील आयन-प्रक्रिया चालवतात. तापमान सुमारे २० केल्विनखाली गेले की कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठतो, म्हणून त्याची रेषा क्षीण दिसली तरी वायू संपला असे समजू नये; तिथे एन-टू-एच-प्लस या नायट्रोजनयुक्त आयनाची रेषा शोधावी.