पार्किंगच्या शटरची निगा: आधी धूळ, मग वंगण

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा शिरपूरकडच्या नव्या वसाहतींमध्ये बंगल्याच्या आणि रो-हाऊसच्या पार्किंगला बहुधा गुंडाळून वर जाणारे लोखंडी शटरच असते. ते जड झाले किंवा चरचरू लागले की घरातले कोणीतरी तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढते आणि हाताला येईल तिथे तेल सोडते. आठवडाभर शटर हलके चालते, पण महिन्याभरात पूर्वीपेक्षा जड होते. याचे कारण आपल्या भागातल्या मातीत आहे. काळ्या जमिनीची बारीक धूळ उन्हाळ्यातल्या वाऱ्याबरोबर घरभर फिरते, कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांवरून उडणारी रुई तिला येऊन मिळते, आणि दोन्ही तेलकट पृष्ठभागावर चिकटून बसतात. तेल, माती आणि तंतू यांचा जो काळा लगदा तयार होतो, तो वंगणाचे काम न करता पॉलिश पेपरसारखा लोखंड घासत राहतो. म्हणून खान्देशात शटरची देखभाल म्हणजे मुख्यतः सफाई, आणि वंगण फक्त जिथे एक भाग दुसऱ्यावर फिरतो किंवा सरकतो तिथेच, तेही बेताने.

यासाठी वर्षातून दोन वेळा पुरतात. पहिली वेळ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, म्हणजे वादळी वारे आणि मृगाचा पाऊस येण्याआधी. दुसरी खंडेनवमीला, जेव्हा पावसाचा ओलावा बराचसा सरलेला असतो आणि नाहीतरी अवजारे पुसून पुजली जातात. शटरला हळदकुंकू लावण्याआधी अर्धा तास त्याच्या चॅनलला, म्हणजे शटरच्या पट्ट्या ज्यातून सरकतात त्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी खाचांना द्यावा, असे माझे मत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी बाहेर काढावी, लहान मुलांना दूर ठेवावे आणि शटर दोन-तीनदा सावकाश वरखाली करून आवाज नीट ऐकावा. पूर्ण प्रवासभर एकसारखी चरचर येत असेल तर बाजूचे चॅनल कोरडे किंवा मातीने भरलेले असतात. ठरावीक उंचीवरच अडखळत असेल तर तिथे चॅनल चेपलेले असते, किंवा एखादी पट्टी आडवी सरकून तिचे टोक चॅनलच्या भिंतीला घासत असते. आवाज वरच्या पेटीतून येत असेल तर प्रश्न स्प्रिंगच्या चाकांचा किंवा ब्रॅकेटचा असतो. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि सरसकट तेलाची कुपी हा त्यांपैकी एकावरही उपाय नाही.

सफाई कोरडीच करावी. पाइप लावून पाण्याचा फवारा मारण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु त्याने पट्ट्यांच्या सांध्यांतली धूळ चिखल होऊन आत जाते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट बसते. रंगकामाचा जुना, राठ झालेला ब्रश घेऊन दोन्ही चॅनल वरून खाली झाडावेत आणि तळाशी साचलेली माती पातळ पट्टीने किंवा स्क्रूड्रायव्हरने उकरून काढावी. या तळाच्या चार बोटांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शटर पूर्ण टेकत नाही आणि कुलपाचा दांडा भोकात बसत नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा इथेच गोळा अडकलेला सापडतो. चॅनलच्या कोपऱ्यात आणि कुलपाच्या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, तेही ओले न करता खरवडून काढावे. जुने ग्रीस कडक झाले असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे. त्या वेळी जवळ ज्योत किंवा पेटती विडी नसावी आणि हवा खेळती असावी. खालच्या रबरी पट्टीला मात्र टर्पेंटाइन लावू नये. ती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली म्हणजे झाले.

चॅनलमध्ये ग्रीस भरू नये. इथे लागते ते कोरडे वंगण. सिलिकॉन स्प्रेचा पातळ थर मारून वर फडके फिरवावे, किंवा साधी पांढरी मेणबत्ती चॅनलच्या दोन्ही आतल्या भिंतींवर घासावी. मेणाला धूळ फारशी धरत नाही आणि खर्चही नगण्य. डब्ल्यूडी-४० हे गंज सैल करण्यासाठी आणि ओलावा घालवण्यासाठी उत्तम आहे, परंतु त्याचा थर टिकाऊ नसतो. ते मारून पुसल्यावर खरे वंगण वेगळे द्यावे लागते. गॅरेजमधून आणलेले जळके इंजिन ऑइल वापरू नये, कारण त्यात धातूचे कण आणि काजळी असते. स्वयंपाकघरातले तेल तर अजिबात नको. शेंगदाण्याचे असो वा सोयाबीनचे, ते हवेत हळूहळू घट्ट होऊन चिकट राळ बनते. जवसाचे तेल तर वार्निशासारखे वाळते.

आता वरची पेटी. बहुतेक हाताने चालणाऱ्या शटरमध्ये वरचा पाइप स्थिर असतो आणि त्याच्यावर बसवलेली स्प्रिंगची चाके फिरतात. मजबूत शिडी आणि खाली धरायला माणूस असेल तरच पेटीचे झाकण उघडावे, चिमण्यांचे गवत आणि रुई काढावी, आणि चाक पाइपावर जिथे फिरते तिथे लिथियम ग्रीसचा हरभऱ्याएवढा गोळा लावावा. बंद बेअरिंग असेल तर त्याला काहीच लावण्याची गरज नसते. स्प्रिंगवर गंज चढू नये म्हणून तेलाच्या फडक्याचा एक हात फिरवणे पुरेसे आहे. स्प्रिंगचे बोल्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत सैल करू नयेत. त्यात शटरचे वजन पेलण्याइतका ताण भरलेला असतो आणि तो एकदम सुटला तर हात मोडू शकतो.

स्प्रिंगची तब्येत तपासण्याची सोपी रीत आहे. शटर कमरेएवढ्या उंचीवर आणून, पाय खाली न ठेवता, हात सावकाश सैल करावा. ते तिथेच थांबले तर तोल बरोबर आहे. खाली घसरू लागले तर स्प्रिंग थकली आहे, आणि आपोआप वर पळाले तर ताण जास्त आहे. दोन्ही वेळा शटरचे काम करणाऱ्या मिस्त्रीलाच बोलवावे. घसरणाऱ्या शटरला दगड किंवा लाकडाचा ओंडका टेकवून दिवस ढकलणे धोक्याचे आहे.

एक गोष्ट उन्हाळ्यापुरती. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या शटरचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर वाढते. म्हणजे 3 मीटर लांबीची पट्टी जानेवारीच्या पहाटेपेक्षा 50 अंशांनी जास्त तापली तर सुमारे 1.8 मिलिमीटर लांब होते. त्यामुळे थंडीत शटर खडखडते म्हणून कोणी चॅनल ठोकून आवळून घेतले, तर तेच शटर उन्हाळ्यातल्या दुपारी अडकते आणि संध्याकाळी पुन्हा सुरळीत चालते. अशा अडकण्याला वंगण हा उपाय नाही. चॅनलमधली फट पूर्ववत करून घ्यावी.

कुलपाच्या चावीच्या भोकात तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी. पेन्सिलचे शिसे बारीक करून चावीला लावले तरी काम भागते. बाजूच्या दांड्यांना तेलाचा एकेक थेंब पुरे. पट्ट्यांच्या सांध्यांवर तेल ओतू नये, फडक्याने पुसटसा हात द्यावा. रंग उडालेल्या जागा, विशेषतः जमिनीलगतच्या, पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) लावून रंगवाव्यात; पहिल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो.

मोटरचे शटर असेल तर आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा तिचा मुख्य खटका) बंद करावा. मोटरमध्ये तेल सोडू नये. फक्त बाहेरची साखळी पुसून तिला हलके तेल द्यावे, आणि भारनियमनात हाताने उघडण्यासाठी असलेली साखळी किंवा हँडल खरोखर चालते की नाही, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

सगळे झाल्यावर शटर आठ-दहा वेळा वरखाली करावे, बाहेर आलेले वंगण पुसावे आणि रात्रभर खाली जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवावे. सकाळी त्यावर तेलाचे डाग दिसले, तर ज्या जागेखाली ते पडले आहेत तिथे वंगण जास्त झाले असे समजून ती जागा पुन्हा कोरड्या फडक्याने पुसावी आणि मगच गाडी आत लावावी.