आधी माणसं मोजा, मग फॉर्म्युला शोधा

बी.एस्सी.च्या मुलांना मी सांगलीत घरीच संख्याशास्त्र शिकवते. गणित पुढे ठेवलं की पहिल्या मिनिटात कोण काय करतं, तिकडे माझं लक्ष असतं. कच्चा मुलगा वहीची मागची पानं चाळू लागतो: ‘मॅडम, फॉर्म्युला कुठला?’ पक्का मुलगा तेच गणित पुन्हा वाचतो. ही सवय आहे, आणि ती कुणालाही लावून घेता येते.

हे गणित बघा. पाच जणांनी दोन महिने योगासनं केली. आधीची वजनं ७२, ८०, ६५, ९०, ७८ किलो. नंतरची, त्याच क्रमाने, ७०, ७९, ६२, ८८, ७६. वजनात खरंच फरक पडला का?

कच्चा मुलगा दोन रकाने पाहतो, सरासऱ्या काढतो, ७७ आणि ७५, आणि दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-चाचणी लावतो, म्हणजे दोन वेगवेगळ्या गटांच्या सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी. टी येतो ०.३३, फारच लहान. ‘फरक पडला नाही.’ आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी उत्तर चुकलं.

पक्की मुलगी आधी विचारते, माणसं किती? वजनं दहा, पण माणसं पाचच. मग ती प्रत्येकाच्या नावापुढे घट लिहिते: २, १, ३, २, २. इथेच निम्मं गणित सुटतं, कारण पाचही जण उतरलेत हे डोळ्यांना दिसतं. सरासरी २, एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ०.७१, तिला पाचाच्या वर्गमुळाने भागून ०.३२, टी ६.३२. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे इथे माणसांपेक्षा एक कमी, ४; पाच टक्क्यांना टी-टेबलातली किंमत २.७८. टी तिच्याहून मोठा, म्हणजे फरक पडला. माणसामाणसांची वजनंच ६५ पासून ९० किलोपर्यंत पसरलेली. त्यात दोन किलो बुडून गेले होते, प्रत्येकाच्या आधी-नंतरच्या वजनांची जोडी लावल्यावर वर आले. शेवटी ती लिहिते, ‘योगासनांमुळेच, असं म्हणता येत नाही, न करणारा गट नाही.’ या ओळीचं मला फार कौतुक वाटतं.

तेव्हा कॅल्क्युलेटर दप्तरातच राहू द्या. कोणाला मोजलं, काय मोजलं, किती वेळा, हे साध्या मराठीत लिहा. आकडे एका रेषेवर टिंबांनी मांडा. उत्तराचा अंदाज पेन्सिलीने कोपऱ्यात टाका. मगच फॉर्म्युला. उत्तर आलं की अंदाजाशी ताडून बघा, संभाव्यता एकाच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ती १.४ आली तर तिला चौकट करू नका, मागे फिरा.

सरावाचंही एक सांगते. धड्याखालची गणितं सोडवून फसगत होते, कारण कुठली चाचणी लावायची ते धड्याचं नावच सांगून टाकतं. वेगवेगळ्या धड्यांतली दहा गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा, पिसा, आणि सोडवू नका. प्रत्येकीमागे फक्त चाचणीचं नाव आणि एका ओळीत कारण लिहा. पहिल्या दिवशी माझ्याकडच्या बहुतेकांना कारणाची ओळ लिहिताच येत नाही. तिथूनच शिकवायला सुरुवात करते.