सेवाभावी संस्थेचे नेतृत्व कसे करावे

बहुतेक सेवाभावी संस्था एखाद्या माणसाच्या तळमळीतून जन्माला येतात आणि पुढे त्याच माणसाच्या एकहाती कारभारामुळे अडखळतात. म्हणून वक्तृत्व आणि लोकसंग्रह हे गुण उपयोगी असले, तरी संस्थाचालकाने आधी स्वतःचे अधिकार नियमांत बांधून घ्यायला शिकावे.

त्याची सुरुवात संस्थेची घटना, म्हणजे तिची नियमावली, वाचण्यापासून करावी. महाराष्ट्रातील अनेक संस्था १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. नोंदणीच्या वेळी घटना बहुधा दुसऱ्या संस्थेच्या नमुन्यावरून उतरवली जाते आणि नंतर ती कपाटातच राहते. सभेची गणसंख्या, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान उपस्थिती, किती, नोटीस किती दिवस आधी द्यायची, धनादेशावर कोणाच्या सह्या लागतात, हे अध्यक्षाला आणि सचिवाला तोंडपाठ असले पाहिजे.

त्यानंतर सभा चालवण्याची रीत सुधारावी. विषयपत्रिका वेळेत पाठवावी आणि अध्यक्षाने आपले मत सर्वांत शेवटी मांडावे, कारण संस्थापक आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि खरी अडचण सभा संपल्यावर चहाच्या वेळी बाहेर पडते. विरोधी मतही इतिवृत्तात नोंदवावे. कार्यकारिणीत बदल झाला, तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात, म्हणजे अशा संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, बदल अर्ज दाखल करावा. हे काम कंटाळवाणे असल्याने मागे पडते; मग काही वर्षांनी वाद उद्भवला, की सरकारी नोंदीत राजीनामा दिलेले, क्वचित दिवंगत झालेले विश्वस्तच कायम असल्याचे दिसते आणि सध्याच्या कार्यकारिणीच्या अधिकारावरच प्रश्नचिन्ह लागते. अशा वेळी सेवाभाव कितीही मोठा असला, तरी तो कागदाची जागा घेऊ शकत नाही.

पैशाच्या बाबतीत नेत्याची खरी परीक्षा देणगी मिळवताना होते, त्याहून अधिक ती नाकारताना होते. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, त्यामुळे संस्थांकडे प्रस्ताव येतात. परंतु गावाला शिक्षकाच्या मानधनाची गरज असताना देणगीदार संगणक देऊ पाहत असेल, तर ती गरज त्याला आकड्यांसह समजावून सांगण्याचे आणि पटले नाही तर नम्रपणे नकार देण्याचे धैर्य असावे लागते. निधी ज्या कामासाठी आला, त्याच कामावर तो खर्च करावा. पगार अडले म्हणूनही तो तात्पुरता वळवू नये. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगावे. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

कार्यकर्त्यांचे मानधन, रजा आणि प्रवासखर्च लेखी ठरवावेत. ‘समाजकार्य आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य संस्थाचालकाने शक्यतो वापरू नये.

दुसरी फळी उभी करायला मात्र वर्षे लागतात, म्हणून हे काम पहिल्यापासूनच हाती घ्यावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी संस्था वाढतच राहिली. एवढा विस्तार प्रत्येकाला साधणार नाही, पण तरुण सहकाऱ्याला एखाद्या प्रकल्पाचे संपूर्ण अंदाजपत्रक सोपवणे, देणगीदारांच्या भेटीला त्याला सोबत नेणे आणि पुढच्या भेटीला एकट्याला पाठवणे कोणत्याही लहान संस्थेला जमते. त्याने घेतलेला निर्णय आपल्याला रुचला नाही, तरी नियमबाह्य नसेल तर तो फिरवू नये. पदावरून उतरल्यावर संस्थापकाला सल्लागार म्हणून राहायचे असेल, तर धनादेशावरील सही आणि कार्यकारिणीतील मत ही दोन्ही सोडूनच राहावे.