परदेशी मैत्रिणीला साडी नेसवताय? आधी या चुका टाळा

गणपती आले, पाडवा आला किंवा कुणाच्या घरी लग्न निघालं की मला हमखास मेसेज येतो, 'अगं आमच्याकडे एक फ्रान्सची मुलगी आलीये, तिला नववारी नेसायचीये, दहा मिनिटात होईल ना?' नाही होत. दहा मिनिटात फोटोपुरती साडी अंगावर चढते, पण ती दिवसभर टिकत नाही. आणि ती सुटते तेव्हा चारचौघांत अवघडून जाते ती पाहुणी, आपण मात्र 'होतं असं पहिल्यांदा' म्हणून मोकळे होतो. चूक तिची नसतेच. तिने आयुष्यात कधी निऱ्या घातलेल्या नाहीत, ती आपल्यावर विश्वास ठेवून हात वर करून उभी राहते. म्हणून हे सगळं नेसवणाऱ्यांसाठी लिहितेय.

नववारीची घाई

सहावारीला आत परकर असतो, नाडी घट्ट बांधली की बाकी सगळं तिच्यात खोचून धरून राहतं. नववारीला परकर नाही. आठ मीटरच्या वर कापड आणि त्याची सगळी भिस्त कमरेच्या पहिल्या गाठीवर आणि मागे खोचलेल्या काष्ट्यावर. ती गाठ चुकली की पुढे कितीही सुंदर निऱ्या घाला, उपयोग नाही.

पाडव्याच्या शोभायात्रेत एकदा माझ्या पुढेच कॉलेजच्या मुलींचा घोळका चालला होता आणि त्यांच्यात एक चांगली उंच डच मुलगी, जांभळी नववारी, नथ, चंद्रकोर, सगळं अगदी साग्रसंगीत. पण तिचा एक हात सारखा मागे कमरेवर. पावलं एवढीएवढीशी टाकत होती. पुढून मैत्रिणी ओरडतायत 'ये ना, रील काढू' आणि ही नुसती हसून मान हलवतेय. मी जवळ जाऊन विचारलं तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. तळमजल्यावरच्या एका घराचं दार वाजवलं, तिथल्या काकूंनी एक शब्द न विचारता आतल्या खोलीत नेलं. बघते तर काय, आत गुळगुळीत नायलॉनची लेगिंग्ज, त्यावर तितकीच घसरडी सेमी सिल्क, गाठ सैल कारण 'तिला टोचेल', आणि काष्टा जेमतेम चार बोटं खोचून थेट लेगिंग्जला पिनेने अडकवलेला. म्हणजे ती पाऊल टाकणार की काष्टा ओढला जाणार आणि काष्ट्याबरोबर लेगिंग्जपण खाली येणार! बिचारी ती तशीच धरून चालत होती कितीतरी वेळ, कारण मैत्रिणींनी इतक्या हौसेने नेसवलंय तर तक्रार कशी करायची.

काकूंनी परकराची जुनी सुती नाडी काढून दिली, ती आधी लेगिंग्जवरून कमरेला घट्ट बांधली आणि मग पहिल्यापासून सगळं नेसवलं. नंतर ती मुलगी लेझीमच्या पथकात शिरून नाचली, हात सोडून.

तेव्हा माझी पद्धत ऐका. आत सुती लेगिंग्ज, तीही साडीच्या रंगाच्या जवळची आणि घोट्याच्या वर संपणारी. कमरेला जाड सुती नाडी वेगळी बांधायची, काष्टा त्या नाडीत खोचायचा, चांगला वीतभर आत. गाठ मारताना तिला पोट आत ओढून धरायला लावू नका, नेहमीसारखा श्वास सोडायला सांगा आणि तेव्हा आवळा, म्हणजे जेवायला बसली तरी त्रास होत नाही. साडी सुतीच घ्या किंवा इरकल, घसरत नाही आणि निऱ्या जागच्या जागी राहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पदर लावायच्या आधी तिला मांडी घालायला लावा, उकिडवं बसायला लावा, जिना चढउतार करायला लावा. काही सुटायचं असेल तर ते घरात सुटू दे. हे मी प्रत्येक वेळी करते, अगदी बाहेर रिक्षा थांबलेली असली तरी.

शिवलेली नववारी मला आवडत नाही. पायजम्यासारखी चढवायची, ती कापडही कुठलंतरी चमकणारं, आणि उंच मुलींना ती पोटऱ्यांपर्यंतच येते. शाळेच्या गॅदरिंगला ठीक आहे. पण जी मुलगी एवढ्या लांबून येऊन 'मला शिकायचंय' म्हणते तिला निदान एकदा तरी खरं लुगडं हातात घेऊन बघू द्या.

आजीची पैठणी आणि मूठभर पिना

पाहुणी आली की घरातलं सगळ्यात भारी ते तिला द्यायचं ही आपली रीत. मन मोठं आहे, पण पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या मुलीला जुनी पैठणी देऊ नका, हात जोडून सांगते.

येवल्याची किंवा पैठणची हातमागाची पैठणी म्हणजे पदरावरचा प्रत्येक मोर रंगीत धागे हाताने एकमेकांत गुंफून विणलेला, म्हणून तर अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. २०१० साली तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आता अशी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात राहिली की रेशीम त्या घडीच्या रेषेवर विरतं. वरून दिसत नाही. हातालाही कळत नाही. ताण आला की मात्र सरळ रेषेत फाटते.

एका ओळखीच्या घरी लग्न होतं, नवरीच्या भावाची पोलंडची मैत्रीण आलेली. घरच्या मुलींनी तिला आजींची मोरपंखी पैठणी नेसवली आणि सुटू नये म्हणून जिथे जागा दिसेल तिथे पिना, खांद्यावरच तर मोजता येणार नाहीत इतक्या. पदर असा खांद्याला जखडलेला की हात वर केला की सगळी साडी ताणली जायची. वरात आली, नाचायला ओढलं तिला, मागच्या कुणाचातरी पाय पदरावर पडला आणि ती पुढे सरकली. पदर सुटून आला असता तर काहीच झालं नसतं, पण पिनांनी तो धरून ठेवला आणि कापडाने माघार घेतली. खांद्यापासून वीतभर चीर, बरोब्बर घडीवर. ती मुलगी मांडवाच्या मागे जाऊन रडत बसली, कुणाशी बोलेना. आजीच तिच्याजवळ जाऊन बसल्या, स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि हाताला धरून पंगतीला घेऊन गेल्या. साडी नंतर रफूला दिली, पण इतक्या जुन्या रेशमाला रफू किती धरणार?

आता उपाय. कुठलीही जुनी रेशमी साडी देण्याआधी दिवसा खिडकीसमोर धरा आणि घडीच्या रेषा उजेडात बघा, कुठे जाळीदार दिसली तर ती परत कपाटात. साडी धडधाकट असेल तर पिन फक्त खांद्यावर एक आणि निऱ्यांना एक. जरीत कधीच नाही. खांद्यावरची पिन लावताना आतून ब्लाउजला, आणि पिनेच्या गोल टोकाशी एक मोती किंवा छोटं बटण ओवून घ्या म्हणजे रेशमाचे धागे त्या वेटोळ्यात अडकत नाहीत. मी पिनांच्या डबीत असे मोती ओवलेल्याच पिना ठेवते. आणि सेंट साडी नेसायच्या आधी मारायचा, जरीवर उडला की जर काळी पडते. ज्यांना हे सगळं करायचा कंटाळा येतो त्यांनी दुसऱ्याची पैठणी मागूच नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

परकर आखूड पडतो

सहावारीतली नेहमीची गडबड. आपल्याकडचे रेडिमेड परकर साधारण ३८ ते ४० इंच लांब, आणि पाहुणी असते पावणेसहा फूट. मग साडी खाली आणि परकर वर, चालताना पाय आत अडकतो. तिला चप्पल घालून उभी करा, कमरेपासून जमिनीपर्यंत टेप लावा, मग परकर शोधा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदीही मोजा. काही साड्या ४४ इंचाच्या असतात, त्या उंच मुलीला खोचायला पुरत नाहीत, आणि मग साडी बेंबीच्या खूप खाली नेसवली जाते आणि ती दिवसभर ओढत बसते. सॅटिनचा परकर नको. सुती.

स्कूटरवर पदर सोडून

यावर मला खरंच राग येतो. तयार झाल्यावर 'चल पटकन' म्हणून तिला मागे एका बाजूला बसवायचं आणि पदर वाऱ्यावर. तिला साडीत एका बाजूला बसायची सवय नसते, धरायचं कुठे तेही माहीत नसतं. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण असायला हवं असं सांगितलंय, ते उगाच नाही. काही जण गाडी छान दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात. अशा गाडीवर साडीतल्या कुणालाच बसवू नका. पदर पुढे घेऊन कमरेत खोचा, ओढणी असेल तर गाठ मारून पुढे. शक्यतो रिक्षाच करा.

बाकीच्या बारीकसारीक

साडी नेसवायच्या आधी बाथरूमला जाऊन यायला सांगा, आणि साडी कशी वर धरायची तेही दाखवा. ते सांगायला लाजलात तर ती पाणीच पीत नाही दिवसभर.

ब्लाउज मिळत नसेल तर तिचा स्वतःचा अंगाबरोबरचा टॉप चालतो, कुणाचातरी घट्ट ब्लाउज कोंबून हुक तोडू नका.

नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ, तीही आधी घरात थोडा वेळ लावून बघा.

मंगळसूत्र गंमत म्हणून घालू नका. त्याचा अर्थ तिला कळला की तिलाच अवघडल्यासारखं होतं. मुंडावळ्यांचंही तेच.

देवघरातलं सोवळं फोटोसाठी मागू नका, कुणाच्याच घरी.

संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसवा, लग्नाला मात्र यजमानांना विचारून.

मित्र असेल तर फेटा त्याच्या डोक्यावरच बांधून घ्या. तयार फेटा मोठ्या डोक्यावर नुसता टेकतो आणि वाकून नमस्कार केला की पडतो. कानाच्या वर बोट जाईल एवढी जागा ठेवा, नाहीतर जेवणाच्या वेळेपर्यंत डोकं दुखायला लागतं. शेमला, म्हणजे फेट्याचं मागे सोडलेलं टोक, पाठीवर नीट रुळतोय ना ते शेवटी बघा. धोतर पहिल्याच दिवशी बाहेर नको, घरात तासभर वावरून बघू दे.

तिला विचारल्याशिवाय फोटो कुठे टाकू नका. नेसवताना खोलीत एक नेसवणारी आणि एक मदतनीस, बास. सगळ्या चुलत-मावस बहिणी दारात उभ्या राहून सूचना देतात तेव्हा ती मुलगी अंग चोरून उभी राहते आणि मग एकही निरी सरळ पडत नाही.

आणि जाताना तिला साडी भेट द्यायची असेल तर सुती द्या, मोठ्या पन्ह्याची, फॉल-पिको करून, सोबत तिच्या मापाचा परकर आणि ब्लाउज. मापं ती यायच्या आधीच मेसेजवर मागवून घ्या, सणासुदीत टेलर आठ दिवसांच्या आत काही देत नाही.