मद्रासचा जुना दीपस्तंभ कसा पाहावा

निवृत्त दीपस्तंभाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर आधी मनोरा न पाहता दिवा कुठून कुठे हलला, याचा माग काढावा. चेन्नईत सुरुवात सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालयापासून करावी, कारण १७९६ मध्ये याच इमारतीच्या छतावर खोबरेल तेलाचे दिवे लागले. त्या काळी कृत्रिम बंदर नव्हते, जहाजे खुल्या समुद्रात नांगर टाकत आणि उतारू मसुला होड्यांतून लाटा ओलांडून किनारा गाठत.

तेथून उत्तरेला उच्च न्यायालयाच्या आवारात जावे. प्रवेशावर निर्बंध असतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवून फाटकावर आधी विचारावे. ग्रॅनाइटचा, सुमारे ३८ मीटर उंचीचा डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीचा) स्तंभ १८४४ पासून प्रकाश देत होता. त्याच्या पायथ्याशी उभे राहून न्यायालयाच्या लाल घुमटाकडे मान वर करून पाहावे: १८९४ मध्ये दिवा त्या घुमटावर गेला आणि स्तंभ विझला. न्यायमंदिराच्या माथ्यावर दीपगृह, ही जोडी मला तरी विलक्षण वाटते. शेवटी मरीना समुद्रकिनाऱ्यावरील १९७७ चा मनोरा पाहावा, कारण घुमटावरचा दिवा पुढे तिथे गेला.