फ्लोरिडातल्या घरावर कोड-दंडाचा बोजा: तपासायचा कसा, उतरवायचा कसा

परवान्याशिवाय उभारलेली शेड, बेसुमार वाढलेलं गवत, मोडकळीला आलेलं छप्पर. हा इमारत आणि देखभालीच्या स्थानिक नियमांचा, म्हणजे ‘कोड’चा भंग. फ्लोरिडातली शहरं आणि काउंट्या (जिल्ह्यासारखी स्थानिक प्रशासनं) यावर रोजच्या हिशेबाने दंड लावतात. राज्य कायद्याच्या १६२व्या प्रकरणानुसार पहिल्या वेळी दिवसाला २५० डॉलरपर्यंत, तेच उल्लंघन पुन्हा घडलं तर ५०० पर्यंत. लोकसंख्या ५०,००० किंवा जास्त असेल तर स्थानिक नियम करून याहून मोठा दंडही ठेवता येतो. दंडाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काउंटीच्या दप्तरात नोंदली की बोजा चढतो. तोही फक्त त्या जागेवर नाही, त्या मालकाच्या इतर मालमत्तेवरसुद्धा.

पहिल्याच वेळचं उल्लंघन असेल आणि आदेशात दिलेल्या तारखेच्या आत दुरुस्ती झाली तर दंड सुरूच होत नाही. पण नुसती दुरुस्ती पुरत नाही. निरीक्षकाला बोलावून पाहणी करून घ्या आणि पूर्ततेचा लेखी दाखला घ्या. हे राहिलं तर काम झालेलं असूनही कागदावर दंड वाढतच राहतो: २५० डॉलरने १२० दिवसांत ३०,००० डॉलर. कामाला परवाना लागत असेल तर तोही अंतिम तपासणी होऊन बंद झाला पाहिजे. आदेशच चुकीचा वाटत असेल तर ३० दिवसांत सर्किट कोर्टात अपील करा.

पूर्तता झाल्यावर दंड कमी करण्याचा अर्ज करा. आधी आणि नंतरचे फोटो, परवाने, बिलं जोडा. ठरलेली रक्कम भरली की बोजामुक्तीचा दस्त काउंटीत नोंदला गेल्याची स्वतः खात्री करा. तीन महिने थकबाकी राहिली तर जप्तीचा दावा होऊ शकतो. स्वतः राहत्या, होमस्टेड संरक्षण असलेल्या घरावर तसा दावा चालत नाही, पण बोजा २० वर्षांपर्यंत टिकू शकतो.

घर घेणाऱ्यांनी नेहमीच्या टायटल शोधावर (मालकीच्या नोंदींच्या तपासणीवर) थांबू नये. चालू प्रकरणाचा आदेश अजून नोंदलेला नसेल, तर तो त्यात दिसतच नाही. पार्सल क्रमांक (जागेचा नोंदणी क्रमांक) देऊन म्युनिसिपल लियन सर्च, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडच्या बोजा-थकबाकीचा शोध, वेगळा मागवा आणि त्यात उघडे (अंतिम तपासणी न झालेले) परवाने, कोडची प्रकरणं, पाण्याची थकबाकी विचारा. घर शहराच्या हद्दीत असेल तर शहर आणि काउंटी दोन्हीकडे विचारा. प्रकरण चालू असताना विकणाऱ्याने ते खरेदीदाराला लेखी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रकरण उघडं निघालं तर दुरुस्ती आणि दंड पुरेल एवढी रक्कम क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) वेळी एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात, अडवून ठेवा.