रूममेट्ससाठी ॲप बनवताय? आधी फ्रीजवर कागद चिकटवा

रूममेट्सचं ॲप म्हटलं की सगळे आधी खर्च वाटायची स्क्रीन करायला घेतात. नका करू, ते काम स्प्लिटवाइज नावाचं ॲप 2011 पासून करतंय, आणि खरं सांगू का, फ्लॅटमध्ये पैशापेक्षा सिंकमधल्या कुकरवरून जास्त वाजतं. आम्ही पुण्यात कर्वेनगरला चौघं राहायचो, कुकर तीन-तीन दिवस तसाच, तळाला वरण वाळून पापुद्रा आलेला, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, शेवटचा मी नव्हता लावला. बोलायला जावं तर वाद, ग्रुपवर टाकावं तर म्हणे टोमणे मारतो. म्हणून आठवण ॲपनेच करायची, कोणी करवली ते नाव कुठेच दिसता कामा नये.

कोड लिहायच्या आधी दोन आठवडे फ्रीजवर कागद लावा, चार नावं, चार रकाने, काम केलं की टिक. आमच्याकडे कचऱ्याला रोज टिक, बाथरूमचा रकाना कोरा तो कोराच! तिथून सुचलं की कामांना गुण हवेत, कचरा 1 तर बाथरूम 5. फक्त हे गुण चौघांनी बसून ठरवायचे, डिझायनरने नाही.

मग फिग्मात, म्हणजे स्क्रीनचं डिझाइन काढायच्या टूलमध्ये, तीनच स्क्रीन काढा: आज कोणाची पाळी, काय संपलं, आणि मी गावाला चाललोय. ही तिसरी नीट करा. गणपतीला एकजण दहा दिवस कोकणात गेला तर भाडं-वायफाय त्याला आहेच, पण दूध आणि पाण्याचे जार त्याच्या माथी नकोत, पाळ्या आपोआप पुढे सरकाव्यात.

लाइट बिलाला सरळ चाराने भागू नका. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे वाढतो, 300 च्या पुढे अजून, आणि एकाच खोलीत एसी असला की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं ते त्याच्यामुळे. त्या खोलीला सबमीटर, म्हणजे फक्त तिचे युनिट मोजणारा वेगळा मीटर लावा, महागडे युनिट आधी त्या खोलीवाल्याच्या नावावर टाका, उरलेले सगळ्यांत वाटा. पैसे मागायची यूपीआय लिंक रक्कम भरूनच उघडली पाहिजे, नाहीतर 'नंतर टाकतो' आहेच.

टेस्टिंगला आवराआवरीची हौस असलेला मित्र घेऊ नका, तो छानच म्हणणार. जो भांडी घासतच नाही त्याच्या फोनमध्ये टाका आणि तो नोटिफिकेशन कितव्या दिवशी म्यूट करतो ते बघत बसा, आमच्याने तर दुसऱ्याच दिवशी केलं.